चमकणारं पाणी, साधं पाणी

(रात्र. किनाऱ्यावर फुटणारी निळी लाट.)

2020च्या नोव्हेंबरात जुहूला आणि देवगडला लाटा अशाच निळ्या उजळल्या. हे काम नॉक्टिल्युका या समुद्रातल्या सूक्ष्मजीवाचं. पेशी एकच, पण अर्धा-एक मिलिमीटरची. ओंजळीत बारीक साबुदाण्यासारखी दिसते. पाणी हललं की लखकन पेटते. दिवसा तेच पाणी हिरवं, कुठे टोमॅटोच्या सारासारखं.

अरबी समुद्रात पसरतो तो हिरवा प्रकार. त्याच्या पोटात हिरवं शेवाळ राहतं, त्यामुळे भक्ष्य कमी पडलं तरी उन्हावर भागतं. शिवाय डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ फस्त करतो, म्हणजे तारलीसारख्या माशांच्या तोंडचा घास.

विष मात्र तो तयार करत नाही. मासे मरतात ते पेशी फुटून पाण्यात उतरणाऱ्या अमोनियाने, आणि मेलेला थर कुजताना जिवाणू प्राणवायू संपवतात म्हणून. प्राणवायू लिटरला 2 मिलिग्रॅमखाली गेला की तळाचे जीव गुदमरू लागतात. 2019मध्ये मन्नारच्या आखातात प्रवाळही यात गेले. प्राणवायू पहाटे मोजावा. दुपारचा आकडा फसवतो, कारण उन्हात शेवाळच प्राणवायू सोडत असतं.

(दिवस. खाडीचं नितळ पाणी, टोपलीत शिंपले.)

आता हे पाणी बघा. काही दिसत नाही, आणि धोका इथेच. अलेक्झांड्रियम या विषारी सूक्ष्मजीवाच्या लिटरमागे हजारभर पेशी असल्या तरी रंग बदलत नाही. पण एकेक शिंपला तासाला लिटर-दोन लिटर पाणी गाळतो आणि या पेशींतलं सॅक्सिटॉक्सिन हे विष अंगात साठवतो. 1997च्या सप्टेंबरात केरळात विळिंजमला, गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्याच जातकुळीतले शिंपले खाऊन 7 जण दगावले, पाचशेहून जास्त रुग्णालयात गेले.

शिजवून हे विष जात नाही. कोकम, लिंबू, कशानेच नाही. उलट थोडं सारात उतरतं, तेव्हा मांस टाकून सार प्यायलं तरी सुटका नाही. साधारण अर्ध्या तासात ओठ-जीभ झिणझिणतात, मग बोटं बधिर होतात, बोलणं अडखळतं, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही. व्हेंटिलेटरवर पहिला दिवस निभावला तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणत घरी थांबायचं नाही.

(प्रयोगशाळा.)

हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहिती संस्था उपग्रहावरून शेवाळाच्या बहराची सूचना देते. ती मोठ्या रंगीत पट्ट्यांसाठी ठीक. खाडीच्या गढूळ पाण्यातल्या विरळ पेशी वरून कशा दिसणार? तिथे बाटलीच लागते: एक लिटर पाणी, त्यात फिक्या चहाचा रंग येईपर्यंत ल्यूगोलचं आयोडीन, बाटली अंधारात दिवसभर स्थिर, मग तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. सोबत शिंपल्याचं मांसही तपासायचं; सॅक्सिटॉक्सिनची मर्यादा मांसाच्या किलोला 800 मायक्रोग्रॅम. कारण पाणी निवळल्यावरही विष शिंपल्यात आठवडेच्या आठवडे, काही जातींत महिनोन्‌महिने टिकतं.