तीन सिगार, अकरा पुस्तकं आणि एक वही

(टेबलावर पुस्तकांची चळत.)

अकरा कादंबऱ्या, गोष्ट एकच. अमेरिकन लेखक हॅरी टर्टलडव्ह यांची ही मालिका १९९७ ते २००७ या काळात आली. वाचक तिला 'टाइमलाइन-१९१' म्हणतात.

(कागदात गुंडाळलेले तीन सिगार.)

१३ सप्टेंबर १८६२. अमेरिकेतलं यादवी युद्ध, उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची. मेरीलँडमधल्या फ्रेडरिकजवळ उत्तरेच्या सैनिकांना असं पुडकं सापडलं. सिगारभोवतीचा कागद म्हणजे दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांचा आदेश क्रमांक १९१. चारच दिवसांनी अँटिएटमची लढाई झाली आणि ली यांना मागे फिरावं लागलं. कादंबरीतही पुडकं पडतं, पण दक्षिणेचाच सैनिक ते उचलून परत देतो. दक्षिण युद्ध जिंकते, वेगळा देश होते.

(चळतीतून सर्वांत खालचं पुस्तक ओढणारा हात.)

सुरुवात इथून: 'हाउ फ्यू रिमेन'. हे सुटं पुस्तक वाटतं, म्हणून अनेकजण ते सोडून थेट १९१४च्या महायुद्धात शिरतात आणि गोंधळतात. उत्तरेची अमेरिका जर्मनीच्या बाजूला का गेली, समाजवादी पक्ष एवढा मोठा कसा झाला, याची मुळं इथे, १८८१च्या कल्पित युद्धात आहेत. त्यानंतर तीन-तीन पुस्तकांचे दोन संच, शेवटी चारांचा एक.

(वहीचं पान, पेन्सिलीने आखलेले रकाने.)

दर काही पानांनी गोष्ट दुसऱ्या पात्राकडे जाते. म्हणून एका पात्राला एक पान. रकाने चार: नाव, गाव, बाजू, शेवटचं कुठे दिसलं. नावाखाली दोन ओळी मोकळ्या ठेवा. दक्षिण कॅरोलायनातल्या मळ्यावरचा बटलर सिपिओ पुढे ऑगस्टा शहरात झर्क्सिस या नावाने राहतो. पात्र मेलं तरी पान फाडू नका. बोस्टनचा मच्छीमार जॉर्ज एनॉस जातो, मग त्याच नावाचा मुलगा येतो.

नौदलातला सॅम कार्स्टन उन्हात भाजतो, हे मात्र दर खेपेला वाचावं लागतं. वर्षाला एक पुस्तक यायचं तेव्हा ती आठवण उपयोगी होती. सलग वाचणाऱ्याने खुशाल ओलांडावी.

(नकाशा. रंगीत पेन्सिल केंटकीवर फिरते, खोडरबर मागोमाग.)

शाई वापरू नका. केंटकी आधी दक्षिणेत, महायुद्धानंतर उत्तरेत, मग सार्वमताने पुन्हा दक्षिणेत. टेक्सासच्या पश्चिम भागात ह्यूस्टन नावाचं राज्य तुम्हालाच आखावं लागेल. खऱ्या जगाच्या नकाशात ते नाही. कॅनडातला क्वीबेक वेगळा देश.

(वहीतलं एकच पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं.)

जेक फेदरस्टन. सुरुवातीला तोफखान्यातला सार्जंट. कॅप्टनच्या नोकराबद्दल हा इशारा देतो, वरचे कानाडोळा करतात. नंतर कॅप्टनचे वडील त्याची बढती अडवून धरतात. ही नोंद पान क्रमांकासकट करा. पुढे हाच दक्षिणेचा अध्यक्ष होतो, आणि कृष्णवर्णीयांसाठी मृत्युछावण्या उभ्या राहतात.

(काट मारलेली नावं. पान उलटतं.)