झाकली मूठ आणि नवउद्यमींची तालीम

मित्रहो,

आपल्याकडे धंद्याविषयीचा पहिला धडा घरातच मिळतो आणि तो बहुधा गप्प राहण्याचा असतो. चांगले चालले असेल तर बोलू नये, कारण दृष्ट लागते. आणि अडले असेल तर मुळीच बोलू नये, कारण पत जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो. उधारी-उसनवारीच्या व्यवहारात ते शहाणपणाचे असेलही. पण ज्याचे गिऱ्हाईक अजून ठरलेले नाही, ज्याची वस्तू अजून अर्धवट आहे आणि ज्याच्याकडे जेमतेम वर्षभर पुरतील एवढे पैसे आहेत, अशा नव्या उद्योजकाला ही झाकलेली मूठच बुडवते, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. स्टार्टअप संस्थापकांसाठी जे प्रशिक्षण आणि परिचयाचे कार्यक्रम चालतात, त्यांचे फायदे सांगावेत अशी संयोजकांची सूचना आहे. मला त्यांत मुख्यतः एकच फायदा दिसतो: ती मूठ वेळेवर आणि जाणत्या माणसांसमोर उघडावी लागते. जागा, पैसा, प्रमाणपत्र, छायाचित्रे हे सगळे त्यानंतर येते.

हे मी स्वतः उशिरा शिकलो. दूध संकलन करणाऱ्या गावोगावच्या संस्थांसाठी मोबाइलवर नोंदी ठेवणारी एक प्रणाली मी आणि माझा मित्र चौदा महिने बनवत होतो. कल्पना चोरीला जाईल या धास्तीने आम्ही ती घरच्यांखेरीज कुणाला दाखवली नाही. पुढे एका कार्यक्रमात प्रवेश मिळाला आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या मार्गदर्शक बाईंनी विचारले, "पहाटे पाच वाजता किती दूध संस्थांच्या दारात उभे राहिलात?" उत्तर शून्य होते. पुढल्या आठवड्यात आम्ही गेलो. रांगेत तीस-चाळीस माणसे किटल्या घेऊन उभी, प्रत्येकाला परत जाऊन जनावरांचे पाहायचे, माप घेणाऱ्याचे हात सतत ओले आणि फॅटचा आकडा यंत्रावर दिसला की पुढचा माणूस किटली पुढे सरकवणार. आमच्या पडद्यावर एका नोंदीसाठी सात वेळा बोट टेकवावे लागत होते, आणि ओल्या बोटाला तो पडदा दादच देत नव्हता. चौदा महिन्यांत न कळलेली गोष्ट पाऊण तासात कळली. ती आम्हाला कधी ना कधी कळलीच असती, हे खरे. पण तोवर पैसे संपलेले असते.

या कार्यक्रमांचा इतिहास तसा फार जुना नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बटाव्हिया नावाचे एक छोटे शहर आहे. तेथला शेती अवजारांचा मोठा कारखाना बंद पडल्यावर ती अवाढव्य इमारत एका स्थानिक व्यापारी कुटुंबाने घेतली. एवढी जागा एकट्याने भाड्याने घेणारा कुणी मिळेना, म्हणून त्याच कुटुंबातील जोसेफ मॅन्कुसो यांनी १९५९ मध्ये तिचे गाळे पाडून ते लहान उद्योगांना द्यायला सुरुवात केली आणि त्यांना हिशेबाची, कर्ज मिळवण्याची, सल्ल्याची मदतही देऊ केली. भाडेकरूंपैकी एक कोंबड्यांची पिल्ले उबवणारा होता, त्यावरून थट्टेने या जागेला 'इन्क्युबेटर' म्हणू लागले आणि जगभर तेच नाव रूढ झाले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वावरलेल्या माणसाला यात फारसे नवल वाटणार नाही. एका गाळ्यात पॅटर्न करणारा, पलीकडे ओतकाम, त्याच्या शेजारी लेथ. एखादा सुटा भाग का फुटतो हे विचारायला चार पावले चालले की पुरे. तिथे हे काम शेजारधर्मातच होऊन जाते. ज्यांचा उद्योग संगणकाच्या पडद्यावर किंवा प्रयोगशाळेत चालतो त्यांना असा शेजार आपोआप मिळत नाही, आणि म्हणून तो मुद्दाम जमवावा लागतो.

मुद्दाम जमवलेल्या शेजाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे वाय कॉम्बिनेटर हा नवउद्यमींना पैसा आणि मार्गदर्शन देणारा अमेरिकेतील कार्यक्रम. २००५ मध्ये पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंग्स्टन, रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ते सुरू केले. पहिल्या उन्हाळ्यात आठ कंपन्या होत्या. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र जेवायचे, अनुभवी उद्योजकाचे बोलणे ऐकायचे आणि तीन महिन्यांच्या अखेरीस गुंतवणूकदारांसमोर उभे राहून आपले काम दाखवायचे, एवढाच साधा आराखडा. त्या पहिल्या तुकडीतल्या स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहॅनियन यांनी मोबाइलवरून जेवण मागवण्याची कल्पना आणली होती. ती नाकारली गेली. पण माणसे आवडली म्हणून दुसरी कल्पना घेऊन या असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यातून 'रेडिट' हे चर्चांचे संकेतस्थळ उभे राहिले. कॅलिफोर्नियात भरलेल्या २००९ च्या हिवाळी तुकडीत, लोकांची घरे प्रवाशांना मुक्कामाला मिळवून देणाऱ्या 'एअरबीएनबी'चे संस्थापक होते. त्यांना वीस हजार डॉलर मिळाले आणि त्या बदल्यात त्यांनी कंपनीतला सहा टक्के हिस्सा दिला. तुमची गिऱ्हाइके कुठे आहेत, या प्रश्नाला त्यांनी 'न्यूयॉर्कमध्ये' असे उत्तर दिले, तेव्हा ग्रॅहम यांचे म्हणणे असे पडले की मग तुम्ही इथे कॅलिफोर्नियात काय करता आहात? ते न्यूयॉर्कला गेले, घरमालकांच्या दारात उभे राहिले, त्यांच्या घरांची छायाचित्रे स्वतः काढली आणि धंद्याने तिथून उचल खाल्ली. हा प्रश्न आमच्या दूध संस्थेच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

यशस्वी झालेल्यांच्या गोष्टी मात्र जपून ऐकाव्यात. हुशार मुले निवडली आणि ती पुढे गेली, तर श्रेय निवडीचे की शिकवणीचे? हा प्रश्न काही अर्थशास्त्रज्ञांनी नेटाने तपासला आहे आणि त्यांची उत्तरे मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी वाटतात. चिली देशाच्या सरकारने २०१० मध्ये 'स्टार्टअप चिली' सुरू केले. हिस्सा न मागता सुमारे चाळीस हजार डॉलर आणि बसायला जागा असे त्याचे स्वरूप होते. निवडीच्या रेषेच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेल्यांची तुलना केली तेव्हा असे दिसले की नुसते पैसे आणि जागा मिळाल्याने कंपन्यांच्या कामगिरीत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. परंतु ज्यांना त्याच्या जोडीला ठरावीक बैठकांमधून उद्दिष्टे मांडण्याची आणि त्यांचा हिशेब देण्याची शिस्त मिळाली, त्यांच्यात तो पडला. आपल्याकडे कोणतीही योजना जाहीर झाली की पहिली बातमी चौरस फुटांची आणि कोटींची होते, म्हणून हा निष्कर्ष मी जरा सावकाश सांगतो आहे.

प्रशिक्षण म्हणजे काय, यालाही महत्त्व आहे. आफ्रिकेतील टोगो देशात लोमे शहराच्या परिसरातील दीड हजार छोट्या उद्योगांवर एक प्रयोग झाला. एका गटाला हिशेब, विपणन, कर्मचारी व्यवस्था असे नेहमीचे शिक्षण दिले. दुसऱ्या गटाला पुढाकार घेणे, संधी हेरणे, अडथळ्यातून वाट काढणे अशी मनोवृत्ती घडवणारे शिक्षण दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढाकाराचे शिक्षण घेतलेल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत तीस टक्क्यांनी वाढला, तर पारंपरिक शिक्षणवाल्यांच्या नफ्यातली अकरा टक्क्यांची वाढ ठामपणे वेगळी म्हणावी इतकी भक्कम ठरली नाही. मी हिशेब शिकू नका असे म्हणत नाही. जीएसटीचे विवरणपत्र चुकले की मनोवृत्ती कामाला येत नाही.

आता सोबत्यांविषयी, कारण माझ्या मते सर्वांत कमी लेखला जाणारा लाभ हाच आहे. चीनमधील नानचांग येथे २,८२० तरुण कंपन्या घेऊन त्यांतील काहींच्या व्यवस्थापकांचे लहान गट पाडले आणि वर्षभर दरमहा त्यांच्या बैठका घडवल्या. बैठकांना जाणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न, न जाणाऱ्यांच्या तुलनेत, ८.१ टक्क्यांनी वाढले. महिन्याला एक बैठक, बाकी काही नाही! त्याच अभ्यासात आणखी एक मनुष्यस्वभावाची गोष्ट दिसली: गटात थेट स्पर्धक असले की उपयोगाची माहिती एकमेकांना कमी सांगितली जात होती. म्हणून तुकडीत आपल्याच धंद्यातली पाच माणसे असावीत असा आग्रह धरू नका; शेतीमालाच्या गोदामाचे काम करणाऱ्याला रुग्णालयाचे वेळापत्रक बसवणारा सोबती अधिक मोकळेपणाने बोलेल.

भारतातही असा प्रयोग झाला आहे. वाढीच्या टप्प्यावरील १०० कंपन्यांच्या संस्थापकांना एकमेकांशी चर्चा करायला बसवले, जोड्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा लावल्या आणि दोन वर्षांनी पाहिले. ज्यांना नियमित बैठका घेणाऱ्या, स्पष्ट उद्दिष्टे ठरवणाऱ्या आणि कर्मचाऱ्यांना वरचेवर अभिप्राय देणाऱ्या सोबत्याचा सल्ला मिळाला, त्यांच्या कंपन्या सैल कारभाराच्या सोबत्याचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा २८ टक्क्यांनी मोठ्या झाल्या आणि बंद पडण्याची शक्यता दहा टक्के बिंदूंनी कमी राहिली. गंमत अशी की ज्यांनी आधीच एमबीए किंवा ॲक्सिलरेटर (वाय कॉम्बिनेटरसारखा ठरावीक मुदतीचा कार्यक्रम) केले होते त्यांना या सल्ल्याने फरक पडला नाही. बहुधा ते त्यांना ठाऊकच होते. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद जितका लागतो तितकीच जोड लागते. एकट्याने हजार बैठका मारून मांड्या होतील, डाव कळायचा नाही. तो समोरच्याच्या अंगातून कळतो, आणि जोड तगडी असेल तरच कळतो.

परिचयाचे जाळे हा शब्द मात्र मला थोडा फसवा वाटतो. कार्डे वाटणे, सोबत छायाचित्र काढणे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जाणे याला आपण नेटवर्किंग म्हणू लागलो आहोत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले होते की नव्या नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक वेळा मिळते, कारण जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. नव्या कंपनीचे पहिले दहा ग्राहक, पहिला चांगला अभियंता, योग्य सनदी लेखापाल यांचेही तसेच असते. आपल्या ओळखी बहुधा गाव, शाळा, नाते यांच्या वर्तुळात फिरतात आणि एखाद्या तुकडीत गेल्यावर ते वर्तुळ पहिल्यांदा फुटते. ज्या घरात कुणी व्यवसाय केलेला नाही, अशा घरातून आलेल्या मुलामुलींसाठी हा लाभ फार मोठा आहे. व्यापारी घरातल्या मुलाला जे मामा आणि काका जेवणाच्या पंगतीत सांगतात, ते यांना सांगणारे दुसरे कुणी नसते.

काही क्षेत्रांत तर असा कार्यक्रम हेच आत शिरायचे दार आहे. जैवतंत्रज्ञानात काम करणाऱ्याला लागणारी उपकरणे घरच्या माळ्यावर बसत नाहीत; पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर किंवा पवईच्या आयआयटीतले 'साइन' यांसारख्या इन्क्युबेटरांत प्रयोगशाळा आणि जाणकार दोन्ही हाताशी येतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची बीजनिधी योजना सुरू केली तेव्हा नमुना सिद्ध करण्यासाठी वीस लाखांपर्यंतचे अनुदान थेट न देता निवडक इन्क्युबेटरांमार्फत देण्याची व्यवस्था केली. महाराष्ट्र शासनाच्या स्टार्टअप सप्ताहात निवडल्या गेलेल्यांना शासकीय विभागांत काम करून दाखवण्यासाठी पंधरा लाखांपर्यंतचे कार्यादेश, म्हणजे कामाच्या मोबदल्याच्या लेखी मागण्या, देण्यात आले. मला यांत बक्षिसापेक्षा कार्यादेश मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे पहिला ग्राहक मिळतो आणि पुढच्या ग्राहकाला दाखवायला काहीतरी हातात राहते.

या साऱ्याची किंमतही असते. वाय कॉम्बिनेटर आज सव्वा लाख डॉलरसाठी सात टक्के हिस्सा घेते आणि आणखी पावणेचार लाख डॉलर पुढल्या गुंतवणुकीच्या अटींवर देते. जगभर विस्तारणाऱ्या कंपनीला तो सौदा परवडेल; पण तीन जिल्ह्यांत उत्तम चालणाऱ्या आणि बाहेरचे भांडवल न लागणाऱ्या धंद्याने हिस्सा मागणाऱ्या कार्यक्रमाच्या वाटेला जाऊ नये, त्याने हिस्सा न घेणारे इन्क्युबेटर किंवा उद्योजकांचे मासिक गट पाहावेत. दुसरी अडचण मार्गदर्शकांच्या गर्दीची. सोमवारी एक सांगतो शाळांना विका, बुधवारी दुसरा सांगतो पालकांना विका, शुक्रवारी तिसरा म्हणतो हे विकूच नका. आणि दहा घरचा हा पाहुणा शनिवारी उपाशी राहतो. मी तर एकामागून एक कार्यक्रम करत फिरणारे संस्थापकही पाहिले आहेत. त्यांच्या भिंतीवर प्रशस्तिपत्रे भरपूर असतात आणि वहीत गिऱ्हाईक एकही नसते.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी एक काम करा. संकेतस्थळावर ज्यांची बोधचिन्हे झळकतात त्या कंपन्यांना विचारू नका, ते चांगलेच सांगतील. मागच्या दोन तुकड्यांतील ज्यांचे उद्योग बंद पडले अशी दोन-तीन माणसे शोधा, त्यांना चहाला बोलवा आणि विचारा: अडचणीच्या महिन्यात कार्यक्रमातल्या कुणी तुमचा फोन उचलला का, आणि आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर तुकडीतल्या कुणाला पहिला फोन कराल? पहिल्या प्रश्नाला ते थोडे थांबतील. दुसऱ्याला एखादे नाव चटकन तोंडात आले, तर अर्ज भरायला हरकत नाही.