बाळाचा एमआरआय वाचताना आधी वय बघायचं

नमस्कार. लहान मुलांच्या मेंदूच्या एमआरआय रिपोर्टमध्ये 'मायलिनेशन वयाप्रमाणे आहे' अशा अर्थाची एक ओळ असते. आई-बाबा त्या ओळीपाशी हमखास अडतात, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलूया.

मेंदूतल्या चेतातंतूंवर चरबीयुक्त आवरण चढतं, ते मायलिन; ते चढण्याची क्रिया म्हणजे मायलिनेशन. जन्मतः ते मोजक्याच भागांत असतं आणि मेंदूत पाणी भरपूर असतं. एमआरआयमध्ये टी-वन आणि टी-टू अशी दोन प्रकारची चित्रं काढतात. जास्त पाण्यामुळे नवजात बाळाच्या टी-टू चित्रात व्हाइट मॅटर (चेतातंतूंचा भाग) पांढरं दिसतं आणि ग्रे मॅटर (चेतापेशींचा भाग) त्याहून गडद. मोठ्या माणसात नेमकं उलट! पन्नाशीच्या माणसाचं चित्र असं आलं, तर आम्ही स्कॅन वाचणारे डॉक्टर हादरून जाऊ. बाळात ते अगदी नॉर्मल.

आवरण चढतं ते ढोबळमानाने खालून वर, मधून कडेला, मागून पुढे. दिवस पूर्ण भरलेल्या बाळाचं टी-वन चित्र उघडलं की मी आधी इंटर्नल कॅप्सूलच्या (मेंदूत खोलवर असलेल्या तंतूंच्या पट्ट्याच्या) मागच्या भागातली छोटी पांढरी रेघ शोधते. हातापायांच्या हालचालींचे तंतू तिथून जातात. जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळात ती रेघ दिसली नाही, तर पुढे हालचालींत अडचण येण्याची शक्यता बरीच वाढते. इतकीशी रेघ, पण तिच्यावर माझी नजर खिळलेली असते.

मग कॉर्पस कॅलोसम, म्हणजे मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणारा तंतूंचा पट्टा. टी-वनवर त्याचं मागचं टोक साधारण 4 महिन्यांत पांढरं होतं, पुढचं 6 महिन्यांत. टी-टूवर हाच बदल काळेपणाने दिसतो, तोही उशिरा: मागे 6, पुढे 8 महिन्यांच्या सुमारास. म्हणून पहिले सहा महिने टी-वनवर भर, नंतर टी-टूवर. मधल्या काळात व्हाइट आणि ग्रे मॅटर जवळपास एकाच छटेचं दिसतं, तेव्हा फार जपून वाचावं लागतं. दोन वर्षांपर्यंत चित्र बरंचसं मोठ्यांसारखं होतं. टी-टूवर व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रव भरलेल्या पोकळीच्या) मागच्या कोपऱ्याजवळ पुसटसा पांढरेपणा मात्र पुढेही कित्येक वर्षं राहू शकतो. तो भाग आणि व्हेंट्रिकल यांच्यामध्ये नॉर्मल मायलिनची बारीक पट्टी दिसली, तर सहसा काळजीचं कारण नसतं.

आणि एक कळकळीची विनंती. बाळ लवकर झालं असेल, तर स्कॅनच्या फॉर्मवर जन्मतारखेसोबत कितव्या आठवड्यात झालं तेही लिहा. 32 आठवड्यांना जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी मायलिन बघताना आम्ही त्याला साधारण चार महिन्यांचं धरतो. हे कळलंच नाही, तर चांगल्या मेंदूवरही 'मायलिनेशन उशिरा' असा शेरा पडू शकतो.