उरलेल्या सुटिंगचे जाकीट

कटिंगच्या टेबलावर सोडलेल्या या गाठोड्यात कोटाच्या बाहीशेजारचे लांबोडके तुकडे आहेत, पँटीच्या दोन पायांमधून निघालेल्या पाचरी आहेत आणि अस्तराच्या वीतभर रुंदीच्या पट्ट्याही आहेत. सूटसाठी आणलेल्या सव्वातीन मीटर कापडातून ठेंगण्या गिऱ्हाइकाचा कोट आणि पँट कापली, की बरा तुकडा शिल्लक राहतो. बिलाबरोबर तो परत दिला, तरी ‘असू द्या, मास्तर’ असे म्हणून अनेक गिऱ्हाइके तो दुकानातच ठेवून जातात. पुण्याच्या पेठेतील या दुकानात असा एकही तुकडा टाकला जात नाही.

आज मास्तरांनी राखाडी, बारीक चौकड्यांच्या टेरीवूलचे, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर मिसळलेल्या कापडाचे, दोन तुकडे निवडले आहेत. त्यांतून ३८ इंच छातीचे जाकीट काढायचे आहे.

जाकिटाची घडण काटकसरीला फार सोयीची आहे. ऑक्टोबर १६६६ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने कोटाच्या आत घालायचा असा कपडा दरबारी पोशाखात आणला, तेव्हा तो चांगला लांब होता. पुढच्या शतकात तो आखूड होत कमरेशी आला. पाठ कोटाखाली झाकलेलीच राहते, हे ओळखून शिंप्यांनी भारी कापड फक्त पुढच्या बाजूला आणि साधे कापड मागे वापरायला सुरुवात केली. तीच रीत आजही चालते, आणि म्हणूनच दोन पुढचे भाग चांगल्या कापडातून निघाले की पाठीला अस्तराचे कापड पुरते.

पाण्याचा हबका मारून तुकड्यांवर इस्त्री फिरते, कारण कापड आटायचे असेल तर ते शिवण्याआधी आटलेले बरे. आता मास्तर कापड उजेडाला धरून उभा धागा शोधत आहेत. खाकी कागदाचा नमुना या धाग्याला समांतर बसला नाही, तर शिवल्यावर जाकिटाचे खालचे टोक ओढले जाते आणि मग कितीही इस्त्री केली तरी ते सरळ होत नाही. छातीचा चौथा भाग साडेनऊ इंच. त्यात सैलपणा, शिवण आणि बटणपट्टी मिळवून खडूची रेघ पडते. नवे थान असते, तर नमुना एकदा ठेवून कात्री चालवता आली असती. इथे तो फिरवावा लागतो, सरकवावा लागतो, कारण डाव्या भागातील आडवी रेघ उजव्या भागातील रेघेला बटणाच्या जागी अचूक मिळाली पाहिजे. आमच्या मते या दुकानातील खरी कारागिरी कात्री उचलण्यापूर्वीच्या या जुळवाजुळवीत आहे.

आतल्या पट्टीला सलग कापड उरलेले नाही. मास्तर तीन पाचरी जोडून ती तयार करतात आणि जोडाच्या शिवणी उलगडून, इस्त्रीने दाबून सपाट करतात. छातीला कॅनव्हास तिरक्या हातटाक्यांनी बसतो. खिशाची पट्टी चौकडी जुळवूनच कापलेली असल्यामुळे शिवल्यावर ती शोधावी लागते.

गळा आणि मुंढे अस्तरासह उलट्या बाजूने शिवून झाले आहेत. पाठीच्या अस्तरात राखलेल्या चार बोटांच्या फटीतून आता अख्खे जाकीट बाहेर ओढले जात आहे.

टेरीवूलमधील पॉलिएस्टर जमिनीत कुजत नाही, आणि शहरात रोज निघणारी अशी कात्रणे बरीचशी कचऱ्यातच जातात.

काजे हातानेच होतात. पुरुषांच्या जाकिटाला ती डाव्या बाजूला असतात. रेशमी दोऱ्याचा प्रत्येक टाका गाठ घेत काठाला बसतो. पाच काजे, पाच बटणे, पाठीवर घेर आवळायची पट्टी आणि बक्कल.

जाकीट हँगरला लागते. मास्तर टेबलावरची उरलेली कात्रणे गोळा करून पुन्हा गाठोड्यात भरतात.