बर्फाची खोली नको, वजन हवं

जानेवारी महिना. हिमाचलात सोलंगच्या वरच्या उतारांवर बर्फ साचलाय. काठी खुपसली की खोली कळते. पण सतलज-बियासवरच्या धरणांना खोली सांगून भागत नाही. मीटरभर ताज्या, भुसभुशीत बर्फात जेमतेम दहा सेंटिमीटर पाणी असतं. दबून घट्ट झालेल्या तेवढ्याच थरात तीस किंवा त्याहूनही जास्त.

म्हणून बर्फ तोलावा लागतो. पोकळ नळी थेट जमिनीपर्यंत उतरवायची, आतल्या बर्फासकट काट्याला लावायची आणि नळीचं वजन वजा करायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नेवाडात जेम्स चर्च यांनी अशी मोजणी सुरू केली. ती आजही चोख आहे. पण हिमस्खलनाच्या उतारांवर माणसं पाठवायची तरी किती? आणि चार जागांच्या मापावरून अख्ख्या खोऱ्याचा हिशेब कसा मांडायचा?

इथे रडार कामी येतं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून निघालेला 'निसार' हा इस्रो आणि नासाचा उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो. त्यावरच्या रडारच्या 'एल-बँड' नावाच्या रेडिओ लहरींची लांबी सुमारे २४ सेंटिमीटर. कोरड्या बर्फातून त्या आरपार जातात आणि खालच्या जमिनीवरून परततात. बर्फात त्यांचा वेग किंचित मंदावतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये नवा बर्फ पडला, की परतणारी लहर थोडी मागे पडते. संगणकाच्या पडद्यावर या मोजणीचे रंगीत पट्टे दिसतात, ते म्हणजे तोच फरक. तो बर्फाच्या खोलीपेक्षा त्यातल्या पाण्याशी जवळजवळ सरळ प्रमाणात असतो. मला या पद्धतीचं सगळ्यात मोल वाटतं ते इथे.

मात्र कळते ती फक्त भर. त्यामुळे पहिल्या हिमवर्षावापासून एकेक फेरी जोडत जावं लागतं. दोन फेऱ्यांत फारच बर्फ कोसळला, तर लहर स्वतःच्या एका पूर्ण लांबीएवढी मागे पडते आणि आकडा फसतो. बर्फ ओला झाला, की लहर त्यातच जिरते. म्हणून वसंतात, वितळणं सुरू झाल्यावर, ही मोजणी अडते. निसार पहाटे सहाच्या सुमाराला जातो, तेव्हा रात्रीच्या थंडीने थर पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता असते, एवढाच दिलासा. शिवाय हिमालयाचे उभे कडे काही उतार रडारच्या सावलीत टाकतात. देवदाराच्या दाट रानातही संकेत बिघडतो.

२०२० आणि २०२१ मध्ये नासाने अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर विमानातून एल-बँड रडार फिरवलं, तेव्हा खाली माणसं बर्फात खड्डे खणून थर तोलत होती. हिमालयातही रडारचा आकडा धरणाच्या नियोजनात घ्यायचा, तर आधी तो या नळीच्या वजनाशी ताडून पाहावा लागेल.