एक टन वायू, ११,७०० टनांची पावती

(लांबून कारखाना. चिमणी. स्वच्छ आभाळ.)

या चिमणीतून काही बाहेर पडताना दिसत नाही. एचएफसी-२३ या वायूला रंग नसतो, वासही नसतो. फ्रिज-एसीत भरायला आणि टेफ्लॉनच्या कच्च्या मालासाठी एचसीएफसी-२२ नावाचा वायू बनवतात, तेव्हा हा आपोआप तयार होतो. शंभर किलोमागे जेमतेम दोन-तीन किलो. पूर्वी तो सरळ हवेत सोडून द्यायचे.

(पाईप, झडपा, मीटरचा काटा.)

हवामानाविषयीच्या १९९७च्या क्योटो कराराने या निरुपयोगी वायूला भाव आणला. करारातल्या ‘स्वच्छ विकास यंत्रणे’चा नियम असा होता: विकसनशील देशात प्रदूषण रोखा, त्याची पावती घ्या, ती श्रीमंत देशाला विका. तो देश तेवढा धूर स्वतःकडे बिनदिक्कत काढू शकायचा. या यंत्रणेत मंजूर झालेली पहिलीच कार्यपद्धती होती एचएफसी-२३ जाळण्याची.

(भट्टी. काचेआडची ज्योत.)

ही ती भट्टी. आत साधारण बाराशे अंश तापमान. हवा तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट; म्हणून इथे एक टन वायू जळाला की कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन वाचले असं धरत, आणि तेवढ्या पावत्या कारखान्याच्या नावावर. चीन, भारत, दक्षिण कोरिया, मेक्सिको, अर्जेंटिना मिळून असे १९ प्रकल्प होते. पवनचक्की उभारणाऱ्याला एवढ्या पावत्या गोळा करायला वर्षं लागायची. इथे एक भट्टी पुरायची.

(कार्बन बाजाराचा पडदा. वरखाली होणारे आकडे.)

आता खर्च किती, ते पाहू. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मायकेल वारा यांनी २००७ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आकडेमोड मांडली. वायू पकडून जाळायला १० कोटी युरोही लागत नाहीत. त्यातून मिळणाऱ्या पावत्यांची किंमत ४ अब्ज युरोंच्या वर. मधली रक्कम कुठल्या हवामानावर खर्च झाली, हे विचारायचं कुणी? तापमान वाढतंय, याबद्दल आमचं दुमत नाही. आमची तक्रार बिलाबद्दल आहे.

(पुन्हा मीटर. काटा चढतो.)

पुढे नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं, की पावत्या मिळत असताना काही कारखान्यांत हा वायू जास्त निघतो आणि मिळायच्या बंद झाल्या की कमी. क्योटोच्याच दुसऱ्या योजनेखाली रशियातल्या कारखान्यांतही तेच. जाळायचे पैसे मिळतात म्हटल्यावर जाळण्यापुरता वायू बनवायचा, हे कारखानदाराला कुणी शिकवावं लागत नाही. नियम करणाऱ्यांना मात्र ते सुचलं नव्हतं.

जादा पावत्यांच्या आडून श्रीमंत देशांत निघालेला धूर मात्र खराच होता.

(रिकामं ट्रेडिंग दालन.)

२०१२च्या अखेरीस पावतीचा भाव एका युरोखाली घसरला. २०१३मध्ये युरोपने आपल्या बाजारात या वायूच्या पावत्या घेणं बंद केलं.

(भट्टी. तीच ज्योत, जवळून.)

२०१६च्या ऑक्टोबरमध्ये भारत सरकारने देशातल्या उत्पादकांना सांगितलं, की हा वायू स्वखर्चाने जाळा. त्याच महिन्यात रवांडातल्या किगालीत, ओझोन थर वाचवणाऱ्या मॉन्ट्रियल करारात झालेल्या दुरुस्तीत जगभरातल्या देशांवर हा वायू नष्ट करण्याचं बंधन आलं. पावती नाही, बाजार नाही. भट्टी तीच.