वॅट नंतर विचारा, आधी ओहम बघा

अंबाजोगाईकडच्या एका गावात हरिनाम सप्ताहाचा मांडव उभा राहतोय. स्टेजच्या दोन्ही अंगांना स्पीकरचे बॉक्स लागलेत, मागे रॅकमध्ये अॅम्प्लिफायर. इथं त्याला सगळे 'मशीन'च म्हणतात. जमलेल्या पोरांचं विचारणं एकच, "किती वॅटचं हो?" माईकवाले मामा मात्र बॉक्सच्या पाठीमागचा स्टिकर वाचताहेत. त्यांना वॅट नको, ओहम हवेत, म्हणजे बॉक्स करंटला किती अडवतो त्याचं माप.

बॉक्स ८ ओहमचा. मशीनच्या मागे प्रत्येक चॅनलला, म्हणजे बॉक्स जोडायच्या प्रत्येक आउटपुटला, किमान ४ ओहम लिहिलंय. म्हणजे एका चॅनलवर असे दोनच बॉक्स समांतर, म्हणजे दोघांच्या लाल वायरी एकत्र आणि काळ्या एकत्र, असे चालतात. ८ आणि ८ मिळून ४. तिसरा लावला की आकडा २.७ च्या आसपास उतरतो. मशीन लगेच बंद पडत नाही, घोटाळा तिथंच होतो. ओहम उतरले की करंट चढतो, आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापत राहतात आणि ऐन गजरात प्रोटेक्शनचा लाल दिवा लागतो. तोही चांगल्या मशीनला. स्वस्तातलं मशीन सरळ जळतं.

बरेच जण म्हणतात, "तिसरा बॉक्स मशीनला कुठं जोडलाय? बॉक्समधून बॉक्सला वायर नेलीय." पण बॉक्सच्या मागचे ते दोन सॉकेट आतून सहसा समांतरच असतात. वायर कुठूनही न्या, भार मशीनवरच येतो.

मामा मीटर लावतात. ८ ओहमचा बॉक्स ६ च्या जवळपास दाखवतो. घाबरायचं कारण नाही. मीटर फक्त स्पीकरच्या आतल्या कॉइलच्या तारेचा रोध मोजतं. शून्य दाखवलं तर मात्र कुठंतरी शॉर्ट आहे, आणि ती वायर मशीनजवळ न्यायचीच नाही.

"मशीन बंद हाय का बघ आधी, मग वायर धर," मामा हाताखालच्या पोराला सांगतात. सोललेल्या टोकाचा तांब्याचा एक केस लाल टर्मिनलवरून काळ्याला टेकला तरी शॉर्ट होतो. म्हणून तार घट्ट पिळायची, गरजेपुरतीच सोलायची. स्पीकॉनला, म्हणजे फिरवून बसवायच्या स्पीकरच्या प्लगला, ही धास्ती कमी, त्याचे संपर्क आत झाकलेले असतात.

लाल लालला, काळी काळ्याला. एका बाजूची उलटी झाली तर दोन्हीकडचा खर्ज एकमेकांना खातो, आणि पखवाजाची कणकेची बाजू ऐकूच येत नाही. लोक मग पखवाजवाल्याला बोल लावतात.

मांडवाच्या टोकापर्यंत ३० मीटर वायर, म्हणजे जाऊन-येऊन ६०. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर तिचाच रोध अर्ध्या ओहमच्या आत राहतो. ०.७५ ची वापरली तर दीड ओहम. ४ ओहमच्या भारावर चौथाईहून जास्त ताकद वायरीतच गरम होऊन जाते.

"ब्रिज करा की, आवाज वाढंल," मागून सल्ला येतो. ब्रिज म्हणजे मशीनचे दोन्ही चॅनल जोडून एक करणं. आवाज वाढेल खरा. पण ब्रिजमध्ये ८ ओहमचा बॉक्स प्रत्येक चॅनलला ४ चा भासतो, त्यामुळे या मशीनवर एकच बॉक्स चालेल. शिवाय ब्रिजच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो. त्यातली एकही अर्थला टेकवायची नाही.

चालू करताना मिक्सर (माईकचे आवाज एकत्र करून मशीनला देणारा) आधी, मशीन शेवटी. रात्री १० ला लाऊडस्पीकर सहसा बंद करावा लागतो, तेव्हा क्रम उलटा: आधी मशीन, मग मिक्सर. नाहीतर मिक्सर बंद होतानाचा दणका थेट बॉक्सच्या कॉइलवर बसतो.